पाच मार्कांचं नाझीकालीन नाणं: अस्सल की नक्कल?

गरुडाच्या पायाखाली स्वस्तिक असलेलं १९३६-३९ चं पाच राइशमार्कचं (तेव्हाचं जर्मन चलन) नाणं चांदीचं म्हणून विकलं जातं, पण नकला भरपूर. पाण्याची चाचणी घरच्या घरी होते.

आधी मोजमाप. वजन १३.८८ ग्रॅम, व्यास २९ मिमी, चांदी ९० टक्के. लोहचुंबकाला चिकटलं तर तिथेच थांबा. कडेवर खोल कोरलेली जर्मन अक्षरं हवीत. गुळगुळीत किंवा नुसती दातेरी कड म्हणजे नक्कल.

मग पाणी:
१. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून आकडा शून्य करा.
२. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका, नाहीतर आकडा फुगतो. चिकटलेले बुडबुडे झटका.
३. काटा १.३४-१.३५ च्या आसपास हवा. तेवढ्याच वजनाचं तांबे-निकेलचं नाणं १.५५ च्या वर दाखवतं.

थोडी झीज झाली असेल तर नाण्याच्या वजनाला पाण्यात काट्यावर दिसलेल्या आकड्याने भागा, उत्तर (म्हणजे घनता) १०.३ च्या जवळपास यायला हवं.

हिटलरचा चेहरा असलेलं 'चलनी नाणं' कोणी दाखवलं, तर काटा काढायचीही गरज नाही. तसं नाणं चलनात कधी नव्हतंच. टपाल तिकिटं मात्र होती.

एक सावधगिरी: जर्मनीत राहत असाल तर नाणं बाळगायला हरकत नाही, पण फोटो जाहीरपणे टाकताना स्वस्तिक झाका. तिथल्या दंडसंहितेचं कलम ८६ए हे चिन्ह सार्वजनिक दाखवण्याबद्दल आहे. तिथले विक्रेतेही ते झाकूनच फोटो देतात.