छतावरच्या आकाशासाठी जुने स्लाइड प्रोजेक्टर

खोलीच्या छतावर ताऱ्यांचं आकाश पाडायला परभणीत जुना स्लाइड प्रोजेक्टर (फिल्मच्या छोट्या चित्रातून उजेड सोडून ते मोठं दाखवणारं मशीन) हवा असेल तर आधी भंगारात जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. पॉवरपॉइंट यायच्या आधी कॉन्फरन्सला पेपर वाचायचा म्हणजे स्लाइड लागायच्याच. त्यामुळे जुन्या सर्जन-पॅथॉलॉजिस्ट मंडळींच्या माळ्यावर एखादं मशीन धूळ खात पडलेलं असतं. कॉलेजांकडेही असतात, पण तिथं डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या सामानाची नोंदवही, आडवं येतं. निर्लेखन होऊन, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून, लिलाव निघेपर्यंत कुणी हात लावू देत नाही. लॅब असिस्टंटशी ओळख ठेवा, लिलावाची खबर त्यांनाच आधी लागते. भंगारात पोचलेल्या मशीनची लेन्स बहुतेक वेळा गायब असते. भिंग म्हणून पोरं काढून नेतात.

माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून मशीन बघताना मी आधी कान लावतो. बटण दाबल्यावर पंख्याचा आवाज आला पाहिजे. दिवा लागला आणि पंखा गप्प, तर लगेच बंद करा, नाहीतर आतली उष्णतारोधक काच तडकते आणि स्लाइड भाजते. मग लेन्सच्या आरपार टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती कमी, समुद्रकाठच्या शहरांतून आलेल्या मशीनमध्ये जास्त. स्लाइड ठेवायचा ट्रे फिरत नसेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा ग्रीस घट्ट झालेलं असतं, ते पुसून नवं लावलं की काम होतं.

मशीनच्या पाठीवरची माहितीची पट्टी वाचायला विसरू नका. कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावानं आणलेलं कोडॅक कॅरोसेल ११० ते १२० व्होल्टचं असतं. त्याला जाडजूड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि मग स्वस्तात मिळालेलं मशीन महागात पडतं. कोडॅकनं स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये बंद केलं, तेव्हा दिवा सहज मिळेल असंच मशीन घ्या. २४ व्होल्ट २५० वॅटचा दोन पिनांचा हॅलोजन सगळ्यात सोयीचा, कारण तोच बऱ्याच ओएचपीतही (पारदर्शक शीट पडद्यावर दाखवणाऱ्या ओव्हरहेड प्रोजेक्टरमध्ये) असायचा. नवा दिवा कागदात धरूनच बसवा. बोटाचं तेल काचेला लागलं की तिथंच ती तापून दिवा जातो. रात्री उशिरा आपल्याकडे व्होल्टेज चढतं, म्हणून स्टॅबिलायझर लावाच.

लोक कंपनीच्या नावाला भुलतात. मी म्हणतो, लेन्स बघा. साधा हिशोब आहे: स्लाइडवरचं चित्र ३६ मिलिमीटर रुंद. त्याला छतापर्यंतच्या अंतरानं गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थनं (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) भागा. अडीच मीटरवर ८५ मिलिमीटरची लेन्स जेमतेम एक मीटरचं आकाश देते, ३५ची अडीच मीटरचं. बहुतेक मशीनसोबत ८५ किंवा त्याहून लांबचीच लेन्स येते. आखूड लेन्स सुटी मिळाली तर मशीन नसलं तरी घेऊन ठेवा.

आता खरी गंमत. कॅरोसेलच्या गोल ट्रेमधून स्लाइड वजनानं खाली पडते, म्हणून ते मशीन छताकडे तोंड करून उभं करता येत नाही. ते आडवंच ठेवायचं आणि लेन्सपुढे ४५ अंशात आरसा धरायचा. घरातला आरसा चालत नाही, त्याचा मुलामा काचेच्या मागे असतो आणि प्रत्येक ताऱ्याला एक भूत, म्हणजे फिकी दुसरी प्रतिमा, जोडून येतं. जुन्या झेरॉक्स मशीनमध्ये मुलामा वरच्या बाजूला असलेल्या आरशांच्या पट्ट्या असतात, त्या मागून आणा. पट्टी अरुंद असते, पण लेन्सला चिकटून बसवली की पुरते.

ताऱ्यांची स्लाइड घरीच होते. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल काचेच्या माउंटमध्ये, म्हणजे स्लाइडच्या चौकटीत, बसेल अशी कापा आणि बारीक सुईनं टोचा. मृगातले काक्षी, राजन्य आणि शेजारचा व्याध या तेजस्वी ताऱ्यांची भोकं जरा मोठी, बाकीची सुईच्या टोकाएवढीच. ओएचपीची प्लास्टिक शीट वापरू नका, उष्णतेनं वाकते. आरशामुळे चित्राची डावी-उजवी बाजू बदलते, म्हणून स्लाइड उलट बाजूनं घाला. दक्षिणेकडे तोंड केल्यावर मृगाचा काक्षी वर डावीकडे आणि राजन्य खाली उजवीकडे दिसला की बरोबर.

छताला ऑइलपेंट असेल तर ते चमकतं. न चमकणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात द्या.

तीन मशीन पुष्कळ झाली. एक ताऱ्यांना, एक चंद्राला आणि तिसरं उत्तरेच्या भिंतीला. ते तिसरं का, तर परभणीत ध्रुव क्षितिजापासून साधारण १९ अंशच वर असतो, छतावर तो येतच नाही. भिंतीपासून सहा फुटांवर आडवं पडलात तर डोळ्यांच्या पातळीपासून दोन फुटांवर त्याचा ठिपका पडला पाहिजे. तिथं आरसा लागत नाही, म्हणून सप्तर्षींची स्लाइड नेहमीच्या बाजूनंच घाला.