शंकरपटाचे फोटो काढताना

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. विदर्भातल्या तळेगाव दशासरचा पट असो की गावातला, जोडी सुटली की काही सेकंदांत खेळ खल्लास. शटरचा वेग आधीच ठरवून ठेवा. बैलांची झेप गोठवायची तर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. वेग दाखवायचा तर १/१२५ वर या, कंबरेतून वळत कॅमेरा जोडीसोबत फिरवा, बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवू नका. बरेच फोटो हुकतील, हुकू द्या. फोकस धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. ऊन पाठीशी. फ्लॅश बंदच, बैल बुजतात. शेवटच्या रेषेपुढे उभं राहू नका. जोडी तिथं लगेच थांबत नसते. धुळीत लेन्सही बदलू नका. खरं सांगू, धावेपेक्षा सुटण्याआधीची झटापट टिपा: उतावीळ जोडी आवरताना माणसांचे चेहरे बघण्यासारखे असतात.