तुटक जंगलातील पक्ष्यांची दीर्घकालीन नोंद कशी ठेवावी

नागपूरच्या वायव्येस असलेले गोरेवाड्याचे जंगल आज रस्ते, वसाहती आणि कुंपणे यांच्या मधोमध उरलेले आहे, आणि अशा जंगलातील पक्षी एका वर्षात नव्हे तर काही दशकांत बदलतात. जावा बेटावरील बोगोरच्या 86 हेक्टरांच्या वनस्पती उद्यानाभोवतालचे जंगल तुटल्यानंतर हेच घडले : 1932 ते 1952 या काळात तेथे वीण करणाऱ्या 62 जातींपैकी 20 जाती 1980-85 पर्यंत नाहीशा झाल्या होत्या. झाडे उभी होती, पक्षी मात्र एकेक करून कमी होत गेले. हा संथ बदल टिपायचा असेल, तर हौशी भटकंतीची यादी पुरत नाही. त्याच जागी, त्याच हंगामात, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे केलेली मोजणी लागते.

प्रथम वनखात्याची किंवा वन विकास महामंडळाची, म्हणजे ज्यांच्या ताब्यात ते क्षेत्र असेल त्यांची, लेखी परवानगी घ्यावी. त्यानंतर नकाशावर मोजणीचे बिंदू ठरवावेत. दोन बिंदूंत किमान 200 मीटर अंतर असावे, आणि काही बिंदू जंगलाच्या कडेला तर काही कडेपासून शक्य तितके आत असावेत. सफारीच्या किंवा गस्तीच्या वाटेवरच सगळे बिंदू घेण्याची सोय टाळावी, कारण वाट ही स्वतःच एक कड असते आणि तेथे साळुंकी, कोतवाल, वेडा राघू यांची संख्या सहज फुगते. तलावावरील बदके मोजण्याचा मोहही आवरावा; ती मोजणी वेगळी ठेवावी, कारण पाणपक्ष्यांचे येणे-जाणे जंगलाच्या तुकडेपणाबद्दल फारसे काही सांगत नाही. प्रत्येक बिंदूचे जीपीएस स्थान आणि चारही दिशांची छायाचित्रे नोंदवून ठेवावीत, म्हणजे पुढे मोजणारी व्यक्ती बदलली तरी जागा बदलणार नाही.

मोजणी सूर्योदयापासून दोन-अडीच तासांत संपवावी. प्रत्येक बिंदूवर दहा मिनिटे थांबून दिसलेला व ऐकलेला प्रत्येक पक्षी, त्याची संख्या आणि तो 25 मीटरच्या आत, 25 ते 50 मीटर, की त्यापलीकडे, हे लिहावे. डोक्यावरून नुसते उडत गेलेले पक्षी वेगळ्या रकान्यात घ्यावेत. पावशा आणि मोर यांचा आवाज इतका दूर जातो की तोच पक्षी दोन-तीन बिंदूंवर ऐकू येतो. म्हणून त्यांची संख्या न लिहिता केवळ उपस्थिती लिहिणे बरे. एका हंगामात प्रत्येक बिंदूवर निदान तीनदा जावे आणि दर वेळी क्रम उलटसुलट करावा, नाहीतर शेवटच्या बिंदूच्या वाट्याला नेहमी उन्हाने गप्प झालेले पक्षीच येतात.

येथे सर्वाधिक फसवणूक सागाकडून होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी साग पाने टाकतो आणि एप्रिलमध्ये उघड्या जंगलात पन्नास मीटरवरचा सुतार पक्षी सहज दिसतो. जुलैमध्ये तोच पक्षी पंधरा मीटरवरही पानांआड असतो. अंतराचे रकाने याचसाठी आहेत, कारण त्यांवरून किती पक्षी नजरेतून सुटले असावेत याचा अंदाज बांधता येतो. तरीही एप्रिलची तुलना जुलैशी करू नये. जानेवारी आणि पावसाळ्याची सुरुवात असे दोन हंगाम निश्चित करून ते कायम ठेवावेत. दुसरा हंगाम गाळलात, तर नवरंग तुमच्या नोंदवहीत येणारच नाही, कारण तो पावसाच्या सुमारास वीण करण्यासाठी येतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे व श्रीलंकेत असतो. वाळलेल्या सागपानांवरून चालताना होणाऱ्या आवाजाने पक्षी दबकतात, त्यामुळे बिंदूवर पोहोचल्यावर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून मगच घड्याळ सुरू करावे. वणवा लागून गेला असेल किंवा घाणेरीची झुडपे काढली असतील, तर तेही त्याच दिवशी लिहावे.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संपूर्ण यादी म्हणून, म्हणजे आढळलेली एकही जात न गाळता टाकावी, त्यामुळे न आढळलेल्या जातीलाही अर्थ येतो. मात्र मूळ तक्ता, प्रत्येक जातीच्या शास्त्रीय नावासह, स्वतःकडे जपावा.

विश्लेषण करताना एकूण जातींच्या आकड्यावर विसंबू नये. जंगलातील दोन जाती गेल्या आणि मोकळ्या माळावरच्या दोन आल्या, तर आकडा जागच्या जागी राहतो. म्हणून पक्ष्यांचे गट पाडावेत : जमिनीवर व झुडपांत किडे टिपणारे, ढोलीत घरटे करणारे, फळे खाणारे, माणसांच्या वस्तीशी जुळवून घेणारे. ब्राझीलमध्ये मनौसजवळ 1979 पासून चाललेल्या अभ्यासात जमिनीलगतचे कीटकभक्षी पक्षीच लहान तुकड्यांतून लवकर गेले. राखी धनेशासारख्या मोठ्या ढोलीवर अवलंबून असलेल्या पक्ष्यासाठी जुनी जाड झाडे किती उरली, हेही सोबत मोजावे. प्रत्येक जात किती टक्के बिंदूंवर आढळली, हे माप नवख्यालाही जमते आणि थव्यांच्या संख्येने डळमळत नाही. एखादे वर्ष पाऊस उशिरा आला की आकडे हलतात, त्यामुळे सलग तीन-तीन वर्षांच्या सरासऱ्या ताडून पाहाव्यात.

शक्य असल्यास पेंच किंवा बोर व्याघ्र प्रकल्पाच्या सलग जंगलात काही बिंदू घेऊन हीच मोजणी त्याच आठवड्यांत करावी. एखादी जात दोन्हीकडे घटत असेल, तर कारण बहुधा तुकडेपणाच्या पलीकडे, हवामानात किंवा स्थलांतराच्या मार्गावर शोधावे लागेल. फक्त गोरेवाड्यात घटत असेल, तर आधी कडेचे आणि आतले बिंदू वेगळे करून पाहावेत.