इनडोअर ट्रेनरवर स्ट्रक्चर्ड ट्रेनिंग: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

ट्रेनर, म्हणजे सायकल लावून घरात जागेवरच पेडल मारायचं मशीन, घेतला म्हणजे फिटनेस आपोआप वाढेल असं वाटणारे खूप जण असतात, आणि दोन-तीन महिन्यांत त्याच ट्रेनरवर टॉवेल वाळत पडलेला दिसतो. बहुतेक वेळा कारण एकच, रोज बसायचं आणि रोज दम लागेपर्यंत मारायचं, म्हणजे सोपी राईड पुरेशी सोपी होत नाही आणि अवघड दिवशी पायात जोर उरलेला नसतो. प्लॅन हवा तो यासाठी.

आधी मशीनचं पटकन सांगतो. व्हील-ऑन ट्रेनरमध्ये मागचं चाक रोलरवर दाबून बसतं, स्वस्त पडतो, पण टायर झिजतो, जोरात मारलं की घसरतो आणि टायरमधली हवा कमीजास्त झाली की वॉट्सचा, म्हणजे तुम्ही लावलेल्या पॉवरचा, आकडाही बदलतो. डायरेक्ट ड्राईव्हमध्ये मागचं चाक काढून सायकल सरळ ट्रेनरवरच्या कॅसेटला (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) लावायची, आवाज कमी आणि आकडे जास्त भरवशाचे. घेण्याआधी दोन गोष्टी बघा, तुमची सायकल किती स्पीडची आहे म्हणजे तशी कॅसेट बसवता येईल, आणि अ‍ॅक्सल क्विक रिलीज (लिव्हरने सुटणारा बारीक दांडा) आहे की स्क्रूने बसणारा जाड थ्रू अ‍ॅक्सल. कार्बन फ्रेम असेल तर ट्रेनरवर लावलेली कंपनीला चालते का तेही एकदा वाचून घ्या. व्हील-ऑनवाल्यांनी प्रत्येक वेळी हवा तेवढीच भरायची आणि दहाएक मिनिटं चालवून ट्रेनर गरम झाला की स्पिनडाऊन, म्हणजे वेग वाढवून पेडल सोडायचं आणि ट्रेनर कॅलिब्रेट करायचा, तो करायचा, नाहीतर मागच्या आठवड्याच्या आकड्यांशी आजचे जुळणारच नाहीत.

आणि पंखा. छतावरचा नाही, समोर ठेवलेला, छातीवर वारा मारणारा मोठा पंखा. बाहेर वाऱ्याने घाम उडून जातो, घरात शरीर तापत जातं आणि त्याच वॉट्सला हार्ट रेट चढत राहतो, मग लोकांना वाटतं आपला फिटनेसच गेला. ट्रेनरसाठी पैसे जपून ठेवले असतील तर त्यातले थोडे पंख्यासाठी बाजूला काढा, खरंच.

आता एफटीपी, म्हणजे फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर. साधारण तासभर टिकवता येईल अशी पॉवर, एवढं समजलं तरी पुरे. मोजायच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. रॅम्प टेस्टमध्ये दर मिनिटाला वॉट्स वाढत जातात, पाय थांबले की संपलं, आणि शेवटच्या सगळ्यात चांगल्या एका मिनिटाच्या ७५ टक्के धरतात. दुसरी २० मिनिटांची, नीट वॉर्मअप करून २० मिनिटं जेवढं जमेल तेवढं एकसारखं चालवायचं आणि सरासरीच्या ९५ टक्के घ्यायचे. ज्यांना स्प्रिंट चांगलं जमतं त्यांचा रॅम्पचा आकडा बऱ्याचदा फुगलेला येतो, मग सगळे इंटरव्हल (ठरलेल्या वेळेचे जोराचे तुकडे) जीव घेतात, अशा वेळी इगो बाजूला ठेवून आकडा ५ टक्के खाली करा. घरातला एफटीपी बाहेरच्यापेक्षा कमी येणं अगदी कॉमन आहे, ट्रेनिंग जिथे करणार तिथलाच आकडा वापरायचा.

समजा २० मिनिटांची सरासरी २१० वॉट आली, तर एफटीपी २०० च्या आसपास. मग झोन २, म्हणजे सोपी राईड, एफटीपीच्या ५६ ते ७५ टक्के, साधारण ११२ ते १५० वॉट, इथे पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. स्वीट स्पॉट, म्हणजे एफटीपीच्या जरा खालचा, कठीण पण टिकवता येणारा जोर, ८८ ते ९४ टक्के, १७६ ते १८८. व्हीओटू मॅक्सवाले (शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरतं तेवढ्या जोराचे) इंटरव्हल १०६ ते १२० टक्के, म्हणजे २१२ ते २४०, इथे बोलणं वगैरे विसरा.

आठवड्यात पाच-सहा तास मिळत असतील तर मी असं लावेन. मंगळवारी स्वीट स्पॉट, १५ मिनिटांचे दोन, मध्ये ५ मिनिटं हलकं पेडलिंग, पुढच्या आठवड्यात तेच तीन, मग २० मिनिटांचे. वॉट्स लगेच वाढवायचे नाहीत, आधी वेळ वाढवायचा. गुरुवारी ३ मिनिटांचे पाच, ११० टक्क्यांच्या आसपास, आणि मध्ये तेवढीच विश्रांती. शनिवारी दोन-अडीच तास झोन २, शक्यतो बाहेर. आणखी एक दिवस तासभर झोन २, आणि इथेच सगळे चुकतात कारण कंटाळा येतो म्हणून हळूहळू वेग वाढत जातो, तर त्या दिवशी सिनेमा लावा पण वॉट्सकडे लक्ष ठेवा. तीन आठवडे असं वाढवत नेलं की चौथ्यात तास जवळपास निम्मे. हा आठवडा आळशीपणाचा नाही हो, केलेल्या कामाचा फायदा शरीर याच काळात पदरात पाडून घेतं.

स्मार्ट ट्रेनर, म्हणजे रेझिस्टन्स स्वतः बदलू शकणारा, असेल तर अर्ग मोड वापराल. यात ट्रेनर ठरलेले वॉट्स स्वतः धरून ठेवतो, तुम्ही फक्त फिरवायचं. पण तुमचा केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) पडला की तेवढेच वॉट्स राखायला तो रेझिस्टन्स वाढवतो, त्याने केडन्स अजून पडतो आणि शेवटी पेडल दगडासारखं होतं. असं झालं तर झगडत बसू नका, काही सेकंद पेडल थांबवा, लोड उतरला की केडन्स वर आणा आणि परत पकडा. इंटरव्हल सुरू व्हायच्या तीन-चार सेकंद आधीच केडन्स थोडा वाढवला तर ही वेळ फारशी येत नाही. १५-२० सेकंदांच्या स्प्रिंटला मात्र अर्ग बंद करा, ट्रेनरला वॉट्सपर्यंत पोचायलाच वेळ लागतो तोवर स्प्रिंट संपलेला असतो.

स्विफ्टवर (Zwift, व्हर्च्युअल सायकलिंगचं अ‍ॅप) रेस मारायची की ट्रेनररोडसारख्या अ‍ॅपवर वर्कआउटच्या आलेखातले निळे ठोकळे बघत बसायचं ही आवडीची गोष्ट आहे. फक्त एक, स्विफ्टवरची रेस हा अवघड दिवस धरायचा, सोप्या दिवसाच्या जागी घुसवायची नाही. पॉवर दिसतच नसेल तर झोन २ बोलण्यावरून आणि बाकीचं दहापैकी किती त्रास होतोय यावरून ठरवा, स्वीट स्पॉट साधारण सात, व्हीओटूचे शेवटचे इंटरव्हल नऊ. हार्ट रेट मागून येतो त्यामुळे छोट्या इंटरव्हलला त्याचा उपयोग कमी.

किरकोळ पण त्रास देणारं: घरात सायकल हलत नाही त्यामुळे बूड जास्त दुखतं, दर दहा मिनिटांनी थोडं उभं राहून चालवा. घाम हँडलबारवरून हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) आणि बोल्टमध्ये उतरून गंज धरतो, वर टॉवेल टाका आणि नंतर पुसा. तासाभराच्या सोप्या राईडला पाणी पुरतं, दीड तासाच्या पुढे गेलात तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स घ्या.

सेशन चुकलं तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही कोंबू नका. ताप असेल तर सायकलला हात लावायचा नाही. वॉर्मअपनंतर पहिल्या इंटरव्हललाच पाय मेलेले वाटले तर दुसरा करून बघा, तरी तसंच असेल तर झोन २ वर या आणि आटपा. सहा ते आठ आठवड्यांनी परत टेस्ट, तोच ट्रेनर, तोच पंखा, आणि आदल्या दिवशी फार तर हलकी राईड. एफटीपी जागचा हललाच नाही पण आधीच्याच वॉट्सना हार्ट रेट खाली आलाय असं दिसलं, तर प्लॅन बदलू नका, तोच पुढे न्या.