एअर फ्रायरने वाढवलेलं बिल कसं उतरवलं

एअर फ्रायर आला आणि दोन महिन्यांत विजेचं बिल फुगलं. ह्यांचं म्हणणं, "परत देऊन टाक." मी आधी मीटरसमोर खुर्ची टाकली.

आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे लाल दिव्याच्या लुकलुकी) म्हणजे एक युनिट असं छापलंय. बाकी सगळं बंद करून १४०० वॅटचा फ्रायर लावला आणि लाल दिव्याची लुकलुक मोजली. मिनिटाला साधारण ७५. आत हवं तेवढं तापलं की कॉइल बंद, नुसता पंखा. तेव्हा जेमतेम दोन-तीन. म्हणजे यंत्र काही राक्षस नव्हतं. खोड माझीच! सकाळी दोन पाव, दुपारी चार पापड (पापडाला फ्रायर, काय म्हणावं!), संध्याकाळी फ्राईज, रात्री मूठभर शेंगदाणे. चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे दिवसाला फार तर १.४ युनिट, महिन्याला ४२. त्यात १०० युनिटांपुढे दरही चढतो.

आता पापड पुन्हा गॅसवर. कोथिंबीर वड्या एकदम करते, पण एकाच थरात. एकावर एक रचल्या तर वारा फिरत नाही, मधल्या गिळगिळीत राहतात. आधी रिकामा तापवणं सोडलं. वेळ संपायच्या दोन-तीन मिनिटं आधी बंद करते, उरलेल्या धगीत वड्या होतात. मात्र मधेच ड्रॉवर ओढून बघायचं नाही, सगळी धग निघून जाते.

मिक्सरचा धसका उगाच घेतला होता. ७५० वॅटचा असला तरी चटणीला दोन मिनिटं लागतात.