वेडर ओळखताना या चुका टाळा

वेडर म्हणजे चिखलात, उथळ पाण्यात चरणारे पक्षी. हिवाळा लागला की भिगवण, उरणकडचे त्यांचे फोटो यायला लागतात आणि सोबत ठरलेला प्रश्न: "पाय काळे आहेत, म्हणजे लिटल स्टिंटच ना?" स्टिंट म्हणजे अगदी छोटे वेडर. त्यांतल्या लिटल स्टिंटचे पाय काळे आणि टेमिंक्स स्टिंटचे पिवळट हिरवे, हे खरं. पण चिखलात फिरणाऱ्या पक्ष्याच्या पायांचा रंग चिखलाचाच दिसणार!

मागे उजनीच्या काठावर एका उत्साही मुलाने असाच एक स्टिंट पाहिला आणि दोन मिनिटांत मोबाईलवर 'लिटल' अशी नोंदही करून टाकली. मला मात्र त्याची चाल खटकत होती. लिटल स्टिंट सतत धावपळ करतो. हा अंग जमिनीलगत ठेवून, सावकाश टिपत सरकत होता. छातीही सलग करडी, पाठ साधी. मुलाला म्हटलं, जरा थांब. थोड्या वेळाने पक्षी उथळ पाण्यात उतरला, पाय धुतले गेले आणि पिवळे निघाले. मग उडाला तेव्हा शेपटीच्या पांढऱ्या कडाही दिसल्या. टेमिंक्सच. म्हणून मी पाय सगळ्यात शेवटी बघतो. आधी चाल, मग छाती. रेडशँक या दुसऱ्या वेडरचे लाल पायही चिखलाने असेच फसवतात.

दुसरी चूक, "कंबर पांढरी, म्हणजे ग्रीन सँडपायपर." अहो, वूड सँडपायपरचीही कंबर (शेपटीच्या लगेच वरचा भाग) पांढरीच असते! उडताना पंखाची खालची बाजू बघा: ग्रीनची काळपट, वूडची फिकी. बसलेला असेल तर भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकी रेघ बघा. वूडची डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, ग्रीनची डोळ्यापुढेच संपते. पंख दिसावेत म्हणून दगड मारून पक्षी उडवणारेही मी पाहिलेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला पोटभर खाऊ द्या. तो आपणहून उडेल, तोवर थांबायची तयारी नसेल तर वेडरच्या नादी लागू नका.

गॉडविट हा लांब चोचीचा वेडर. तो उडाला की पंखावर रुंद पांढरा पट्टा दिसला तर ब्लॅक-टेल्ड, नसला तर बार-टेल्ड.

शेजारी दुसरा पक्षी नसेल तर आकारावरून काहीही ठरवू नका.

जुन्या पुस्तकातला लेसर सँड प्लोवर आता टिबेटन आणि सायबेरियन अशा दोन जातींत विभागलाय. यादी करताना नाव तपासा.

आणि शिवडीला ऐन ओहोटीत जाऊन "पक्षी फार लांब होते" म्हणू नका. भरतीच्या दोनेक तास आधी पोहोचा. पाणी चढेल तसे पक्षी जवळ सरकतात.