गणपतीत 'युनिव्हर्सिटी कुठं वाढवायची' हा वाद कसा लावायचा

आमच्या मंडळात गणपतीतली एक संध्याकाळ वादविवादाची असते आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं ती संध्याकाळ म्हणजे शिक्षाच होती. विषय काय तर 'विकास : शाप की वरदान', मग एक जण फ्लायओव्हरचं कौतुक करणार, दुसरा झाडं तोडली म्हणून गळा काढणार, तिसरे काका सिंगापूरला जाऊन आलेले ते सिंगापूर सांगणार, टाळ्या, आरती, प्रसाद, घरी. दोन वर्षांपूर्वी पद्धत बदलली आणि त्या रात्री साडेअकराला चौकीदार हॉलचे दिवे घालवायला लागला तरी लोक बाहेर ओटल्यावर बसून भांडत होते. तेव्हापासून इंदुरातल्या इतर मंडळांचे फोन येतात की अहो तुम्ही नेमकं केलं काय, तर एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी विषय बारीक करा. 'विद्यापीठाचा विस्तार व्हावा का' हा विषयच नाही, कारण नको कोण म्हणणार? आमचा विषय असा होता : समजा देवी अहिल्या विश्वविद्यालयाला पाच नवीन विभाग काढायचेत, तर ते खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरातच मजले चढवून काढावेत की शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर न्यावेत. 'समजा' हा शब्द बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा हं, आम्ही बारीक लिहिला आणि दुसऱ्या दिवशी एक आजी नातवासाठी फॉर्म कुठं मिळेल विचारत आल्या.

हा विषय आपल्या गावाला का बसतो, तर दोन्ही नमुने आपल्याकडेच उभे आहेत, सिंगापूरला जायची गरज नाही. विद्यापीठ १९६४ चं, तेव्हा नाव इंदूर विद्यापीठ, अहिल्याबाईंचं नाव १९८८ मध्ये लागलं. एक परिसर नालंदा, आरएनटी मार्गावर अगदी गावाच्या पोटात, आणि दुसरा तक्षशिला खंडवा रोडवर, जिकडं आमच्या लहानपणी जायचं म्हणजे गावाबाहेर जाणं वाटायचं आणि आता गाव त्याच्याही पुढं निघून गेलंय. त्याच खंडवा रोडनं पुढं जात राहा, सिमरोलला आयआयटी लागते. गंमत अशी की ही आयआयटी २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे वर्ग आपल्याच विद्यापीठाच्या आयईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात, भरायचे, मग ती सिमरोलला गेली. आयआयएम १९९६ चं, ते राऊकडं टेकडीवर. म्हणजे एक संस्था गावात राहिली आणि गाव तिच्याभोवती वाढलं, दोन संस्था बाहेर गेल्या आणि गाव त्यांच्या मागं धावतंय, आता घाला वाद.

दोनच बाजू ठेवल्या तर लोक कंटाळतात, म्हणून आम्ही तिसरी ठेवली, गावातली जुनी रिकामी जमीन. हुकुमचंद मिलच घ्या, १९९१ मध्ये बंद पडली, जवळपास ४२ एकर जागा, तीस वर्षांत तिथं आपोआप रान उगवलं, आणि आता बिल्डिंगी की झाडं म्हणून लोक रस्त्यावर उतरलेले आपण बघितलेच. अशा जागेवर कॉलेज बांधलं तर, असा तिसरा गट. आमच्याकडे या गटात कोणीच जायला तयार नव्हतं, शेवटी मिलमध्ये काम केलेल्या एका आजोबांना घातलं आणि तेच सगळ्यात भारी बोलले.

गटवाटणी चिठ्ठ्या टाकून करा, मनानं नाही. राऊकडं प्लॉट घेतलेले काका 'बाहेर न्या' म्हणणारच, त्यात काय वाद, त्यांना मजले चढवण्याच्या बाजूला बसवा आणि मग बघा कसा घाम फुटतो. आणि एक माणूस कुठल्याच गटात नसतो, तो शेतकरी. म्हणजे ज्याची जमीन 'मोकळी जमीन' म्हणून सगळे हातानं दाखवतात त्याच्या वतीनं बोलणारा. हा रोल सगळ्यात हुशार मुलीला किंवा वहिनीला द्या, कारण तिला फक्त प्रश्न विचारायचेत : मोकळी म्हणजे काय, त्यावर गहू आहे, सोयाबीन आहे, तुम्हाला दिसत नाहीये का?

आता तयारी. आठ दिवस आधी सगळ्यांना जागेवर न्या, हे टाळू नका, इथंच निम्मा वाद जिंकला-हरला जातो. आम्ही तक्षशिलाजवळच्या भंवरकुआं चौराह्यावर, म्हणजे चौकात, सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला असं दोनदा उभं राहिलो. प्रत्येकाच्या हातात वही, वहीत रकाने : पायी, सायकल, बाईक, सिटी बस, मॅजिक (सवाऱ्या भरून निघणारी छोटी व्हॅन), ई-रिक्षा. दहावीतल्या भाच्याला 'पायी'चा रकाना दिला होता, त्याचं पान पाच मिनिटांत भरलं आणि तो रडकुंडीला आला, कारण तिथं कोचिंग, होस्टेल, होळकर सायन्स कॉलेज, सगळं एकमेकांना खेटून, पोरं नदीसारखी वाहतात. बाईकचा रकाना आम्ही नंतर सोडूनच दिला. पण लक्षात राहिली ती एक मुलगी, पाठीवर बॅग, हातात ड्रॉइंगची गुंडाळी, तेजाजी नगरच्या पुढच्या कुठल्या तरी कॉलेजला जायला मॅजिकमध्ये बसलेली आणि ड्रायव्हर म्हणतोय 'भर जाने दो मॅडम'. ती घड्याळ बघतेय, तो सवाऱ्या बघतोय. आम्ही विचारलं तर म्हणाली खोली इथंच भंवरकुआंला घेतलीय, कारण कॉलेजजवळ ना मेस ना फोटोकॉपीचं दुकान. म्हणजे कॉलेज बाहेर गेलं तरी पोरं गावातच राहतात आणि रोज उलटी वारी करतात. हे कुठल्या भाषणातून सुचलं नसतं.

मग कागद. एक, मास्टर प्लॅनचा नकाशा. इंदूरचा सध्याचा विकास आराखडा २०२१ साल डोळ्यापुढं ठेवून केलेला, लागू झाला १ जानेवारी २००८ पासून, आणि आज कॅलेंडरवर साल कोणतं आहे ते तुम्हीच बघा. नकाशाची मोठी प्रिंट काढून भिंतीला लावा आणि नियम करा की बोलणाऱ्यानं आधी उठून बोट ठेवायचं. बोट ठेवता येत नसेल तर वाक्य बाद. या एका नियमानं आमची निम्मी भाषणं आपोआप छोटी झाली भिया.

दोन, पाणी. इथं तरुण मंडळी अगदीच कच्ची असतात. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटर, तेही खालून वर चढवून. १९७० मध्ये 'नर्मदा इंदूरला आणा' म्हणून गावानं मोठं आंदोलन केलं तेव्हा कुठं १९७८ मध्ये पाणी आलं. घरात सत्तरीचं कोणी असेल तर त्यांना बोलवा, बादल्यांच्या रांगा त्यांनी बघितल्यात. त्यामुळे जो कोणी म्हणेल की बाहेर शंभर एकरात होस्टेल बांधू, त्याला लगेच विचारा की पोरं आंघोळ कुठल्या पाण्यानं करणार, बोअरिंग की टँकर की पाइपलाइन, आणि पाइपलाइनचे पैसे कोणाचे.

तीन, जाणं-येणं, आणि इथं दोन्ही बाजूंना दारूगोळा आहे. बीआरटीएस, म्हणजे बससाठी रेलिंग घालून राखलेला रस्ता, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत साडेअकरा किलोमीटर, २०१३ मध्ये सुरू झाला, भंवरकुआंवरूनच जायचा, कॉलेजच्या पोरांना बरा पडायचा, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं काढायला परवानगी दिल्यावर रेलिंग उखडणं सुरू झालं. मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली ती गावाच्या कडेला नव्यानं वाढणाऱ्या सुपर कॉरिडॉरवर, सुमारे सहा किलोमीटर, पाच स्टेशनं. आता एक गट म्हणणार बघा जिथं मेट्रो तिथं कॉलेज न्या, दुसरा म्हणणार जिथं पोरं होती तिथली बस काढली आणि जिथं नव्हती तिथं गाडी आणली. माझं मत विचाराल तर मी दुसऱ्यांच्या बाजूचा, पण अध्यक्ष झालात तर मत खिशात ठेवा.

अध्यक्षांना सुरुवातीला पाच मिनिटं बोलायला द्यावीच लागतात, नाहीतर ते रुसतात, तर त्यांना गेडीसची गोष्ट सांगायला सांगा. पॅट्रिक गेडीस, स्कॉटलंडचा नगररचनाकार, होळकर दरबारानं त्याला बोलावलं आणि १९१८ मध्ये इंदूरच्या नियोजनावर त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. त्यात गटारं, नदीकाठ, वस्त्या तर आहेतच पण इंदूरला विद्यापीठ कसं असावं यावरही त्यानं भरपूर लिहिलंय, म्हणजे आपलं विद्यापीठ निघायच्या शेहेचाळीस वर्षं आधी. त्याचा हट्ट एकच, आधी हिंडून बघा, मग आखा, आणि जुनी वस्ती सरसकट पाडू नका, अडचणीचं तेवढंच काढा. प्लेगचे दिवस होते, तर या माणसानं दिवाळीला मिरवणूक काढली, रावणाबरोबर प्लेगचा भलामोठा उंदीर, सफाई कामगार नव्या कपड्यांत, कचऱ्याच्या गाड्या सजवलेल्या, आणि मिरवणुकीचा रस्ता कोणता? ज्या भागातल्या लोकांनी घरं-गल्ल्या सगळ्यात स्वच्छ केल्या तिकडून. स्वच्छतेत पहिला नंबर पहिला नंबर आपण २०१७ पासून नाचतोय, पण ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली नव्हती.

बाकी नियम थोडक्यात. प्रत्येकाला चार मिनिटं, घंटी पोराच्या हातात. पक्षाचं किंवा नेत्याचं नाव घेतलं की एक मिनिट कापायचं. समोरच्याचा एक मुद्दा मान्य केल्याशिवाय खाली बसायचं नाही, हे ऐकायला साधं वाटतं पण भल्याभल्यांना जमत नाही, आमचे एक आप्पा उभेच राहिले होते. बोलणं मराठीत, पण 'चौराहा', 'खसरा' (जमिनीचा सर्व्हे नंबर), 'पटवारी' (तलाठी) यांना मराठी शब्द शोधत बसू नका. पोहे आणि जिलेबी शेवटीच.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते. जे मुद्दे तिन्ही गटांनी मान्य केले ते वहीत उतरवा, आमचे तीन निघाले : नवीन विभागाआधी होस्टेल, कॅम्पसच्या गेटपर्यंत रात्री शेवटची बस, आणि चौराह्यावर पायी चालणाऱ्यांसाठी धड फुटपाथ. मध्य प्रदेशात नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ चा आहे, त्यानुसार नवीन आराखड्याचं प्रारूप निघालं की लोकांना आपत्ती-सुझाव, म्हणजे हरकती-सूचना, द्यायला ३० दिवस मिळतात. तीस दिवसांत मंडळाची मीटिंगसुद्धा ठरत नाही, म्हणून कागद आधीच तयार ठेवा.

आणि कागद एकच पानाचा, हिंदीत. मागं एकदा दुसऱ्याच विषयावर आम्ही सात पानी निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो होतो, सुरुवातच अहिल्याबाईंपासून, समोरच्या साहेबानं सातही पानं उलटली, चष्मा काढला आणि विचारलं, 'ये सब तो ठीक है, खसरा नंबर कौन सा है?' आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. तेव्हापासून आमचा अर्ज असा असतो : जागा, खसरा नंबर, नकाशात आत्ता काय दाखवलंय, आम्हाला काय हवंय, का हवंय दोन ओळींत, खाली सह्या आणि पत्ते. भंवरकुआंच्या वहीतलं ते भाच्याचं पान झेरॉक्स करून मागं टाचलं. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का मारून घ्या, आणि शिक्क्यातली तारीख तिथंच खिडकीपाशी वाचा, आमच्या शिक्क्यात महिना मागचाच राहिला होता, परत मारून घ्यायला पाऊण तास लागला.